विचारांनी चालणारी पावले

चालण्यासाठी पाय हवेत, ही आपली साधी समजूत. परंतु चालण्याची आज्ञा प्रथम मेंदूत जन्म घेते. मज्जातंतूंमार्फत ती स्नायूंपर्यंत पोहोचते आणि मगच पाऊल उचलले जाते. काही आजारांत स्नायू निकामी होतात, तरी मेंदूत आज्ञा उमटतच राहते. ती थेट यंत्रापर्यंत पोहोचवण्याच्या व्यवस्थेला ‘मेंदू-संगणक दुवा’ म्हणता येईल.

मानवी मेंदूतील विद्युत्-लहरी १९२४ साली जर्मन वैद्य हान्स बर्गर यांनी प्रथम नोंदवल्या. २००७ साली जपानमधील केइओ विद्यापीठात जुनिची उशिबा यांच्या संशोधकगटाने या लहरींचा एक अभिनव उपयोग करून दाखवला. ‘सेकंड लाइफ’ हे संगणकावरील एक आभासी जग आहे. त्यात प्रत्येक सहभागी व्यक्तीच्या वतीने एक आकृती वावरते. तिला ‘अवतार’ म्हणतात. आपल्या परिचयाचा हा संस्कृत शब्द इंग्रजीमार्गे संगणकाच्या जगात गेला. एरवी हा अवतार कळफलकाच्या साहाय्याने चालवतात. या प्रयोगात मात्र डोक्याच्या त्वचेवर इलेक्ट्रोड बसवले होते. उजवा हात हलवण्याची कल्पना केली, की अवतार उजवीकडे वळे. डाव्या हाताची केली, की डावीकडे. पाय हलवण्याची कल्पना करताच तो पुढे चालू लागे.

मग हे यंत्र मनातले विचार वाचते काय? तसे नाही. हात हलवण्याची नुसती कल्पना केली, तरी मेंदूच्या संबंधित भागातील काही लहरींचा जोर कमी होतो. उजव्या हाताच्या कल्पनेने हा बदल मुख्यतः मेंदूच्या डाव्या बाजूस होतो. संगणक एवढाच फरक ओळखतो. हा फरक अतिशय सूक्ष्म असल्यामुळे सरावावाचून यश मिळत नाही.

२००८ साली स्नायूंच्या आजाराने हालचाल गमावलेल्या एका गृहस्थांनी याच पद्धतीने आपला अवतार चालवत नेला आणि तेथे एका विद्यार्थ्याच्या अवताराची भेट घेऊन त्याच्याशी संवाद साधला. या प्रयोगाने त्यांचा आजार बरा झाला नाही. परंतु कोठे वळायचे, कधी पुढे जायचे, हे त्यांनी स्वतः ठरवले. प्रत्येक हालचालीसाठी दुसऱ्यावर अवलंबून असणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही.

पुढे २०२३ साली अमेरिकेतील संशोधकांनी पक्षाघाताने वाचा गेलेल्या एका स्त्रीच्या मेंदूच्या पृष्ठभागावर शस्त्रक्रियेने इलेक्ट्रोड बसवून, तिला बोलायचे असलेले शब्द पडद्यावरील अवताराच्या मुखातून ऐकवले. तो आवाज तिच्या लग्नाच्या ध्वनिमुद्रणावरून घडवला होता.

पाठगत प्रश्न
१. मेंदू-संगणक दुवा विचार वाचत नाही, असे का म्हटले आहे?
२. ‘अवतार’ या शब्दाचा तुम्हांला ठाऊक असलेला अर्थ आणि पाठातील अर्थ यांतील साम्य व भेद लिहा.
३. आभासी जगातील भेट त्या गृहस्थांना का महत्त्वाची वाटली असेल? पाच-सहा ओळींत लिहा.