आवाज आमचा, फीड त्यांची

आमच्या पॉडकास्टची "टेक्निकल बाजू" ज्या मुलाने सांभाळायला घेतली होती, त्याच्याबद्दल रत्नागिरीतली काही माणसं अजून मला समजावतात, "बाई, सोडून द्या, त्याने तुमच्यासाठी पुष्कळ केलं." त्याने काय केलं ते एकदा नीट लिहून ठेवते. वाचल्यावर ज्याला जे म्हणायचं असेल ते म्हणावं.

आम्ही संगमेश्वरी बोलीतल्या गोष्टी आणि ओव्या ध्वनिमुद्रित करतो. मालिकेचं नाव इथे मुद्दाम देत नाही, कारण त्या नावाने शोधलं की अजूनही आधी त्याच्या ताब्यातली फीड वर येते. देवरूख, माखजन, साखरपा या बाजूच्या वाड्यांमध्ये जायचं आणि आजीला पडवीत किंवा माजघरात बसवून बोलतं करायचं, असं हे काम. पावसाळ्यात ते होत नाही, कौलांवरच्या पावसापुढे आवाज टिकत नाही. दिवाळी ते शिमगा एवढाच काळ हाताशी असतो. ज्या आज्या बोलल्या त्यांतल्या काही आता नाहीत. ऐकणारे बहुतेक चाकरमानी. विरार, डोंबिवली, नालासोपारा इथे राहणारे, कुवेत-दुबईत काम करणारे आणि बोटीवर असलेले. बोटीवरची मुलं बंदराला लागली की सगळे भाग एकदम उतरवून घेतात आणि समुद्रात ऐकतात.

मुंबईतल्या एका छोट्या कंपनीचा हा मुलगा, मूळ आमच्याच जिल्ह्यातला. "मॅडम, तुम्ही फक्त आवाज द्या, बाकीचं आमच्यावर सोडा," असं म्हणाला. पैसे नकोत म्हणाला. मी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "हे सगळं नावावर कोणाच्या राहणार?" त्यावर त्याचं उत्तर होतं, "मॅडम, नाव तुमचंच दिसणार ना!" नाव दिसणं आणि नावावर असणं यांतला फरक त्याला त्या दिवशीही नक्की कळत होता. म्हणूनच त्याने ते उत्तर दिलं.

मग एका संध्याकाळी विरारहून एका श्रोत्याचा फोन आला. माणूस संकोचत बोलत होता. "बाई, राग मानू नका, पण आजी राक्षसाची गोष्ट सांगते त्याच्या मध्येच रमीची जाहिरात लागते. घरात पोरं ऐकतायत." मला वाटलं त्याच्या मोबाइलचा काहीतरी घोळ असेल. मी आमचा भाग लावून पाहिला. आजी सांगत होती, "...आनि त्यानं दार लोटलान," आणि तिथेच तिचा आवाज तोडून एक तरतरीत पुरुषी आवाज आला: ॲप उतरवा, पहिल्या डावाला बोनस घ्या. अर्धा मिनिट ते चाललं. मग पुन्हा आजी, वाक्याच्या मधूनच. मी तो भाग थांबवला आणि माझ्याकडची मूळ फाइल लावली. तीत अर्थातच काही नव्हतं. दुसरा भाग लावला, तिसरा लावला. प्रत्येकात जाहिरात, आणि दरवेळी वेगळी. माझे हात थरथरत होते हे लिहायला मला लाज वाटत नाही. जी बाई मला घरात बसवून, चहा देऊन, तिच्या आईकडून ऐकलेली गोष्ट विश्वासाने सांगते, तिच्या तोंडाजवळ कोणीतरी जुगाराचा फलक लावला होता. (पैशांच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये केला. ही गोष्ट त्याच्या आधीची.)

त्या आजीला सांगणं भाग होतं. ती एवढंच म्हणाली, "माज्या गोष्टीत ह्यो जुगार कुठना आला?" ते वाक्य मी त्या मुलाला जसंच्या तसं पाठवलं. उत्तर आलं, "मॅडम, हे स्टँडर्ड मॉनेटायझेशन आहे. होस्टिंग फुकट मिळत नाही." मी लिहिलं, होस्टिंगचा खर्च मी देते, जाहिराती आजच काढा. दोन दिवस शांतता. मग, "फीड आमच्या अकाउंटला आहे, तिचं काय करायचं ते आम्ही ठरवणार."

तोपर्यंत फीड म्हणजे काय याचा विचार करायची मला गरज पडली नव्हती, आणि कोणत्याही कथा सांगणाऱ्याला पडू नये. पण पडते, म्हणून सांगते. फीड ही साध्या मजकुराची एक फाइल असते आणि इंटरनेटवर तिचा एक पत्ता असतो. तिच्यात मालिकेचं नाव, चित्र, प्रत्येक भागाचं शीर्षक, ध्वनिफितीचा पत्ता आणि त्या भागाची ओळखखूण असते. ॲपल असो, स्पॉटिफाय असो की आणखी कुठलं ॲप, सगळी हीच फाइल पुन्हा पुन्हा वाचतात आणि नवा भाग दिसला की श्रोत्याला दाखवतात. या पद्धतीला आरएसएस म्हणतात. १९९९ मध्ये ती सुरू झाली, आज पॉडकास्टसाठी वापरतात ती २.० आवृत्ती २००२ ची. ती कुठल्याच कंपनीच्या मालकीची नाही, कोणाची परवानगी न घेता कोणीही फीड काढू शकतो आणि कोणीही ती वाचू शकतो. इतकी मोकळी, इतकी चांगली गोष्ट आहे ही. तिची एकच अट: पत्ता ज्याच्या ताब्यात, श्रोते त्याच्या ताब्यात. जमीन पिढ्यान्‌पिढ्या तुम्ही कसलीत तरी सातबारा कोणाच्या नावावर आहे, हाच शेवटी प्रश्न येतो. कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.

मी दुसऱ्या होस्टिंग सेवेकडे गेले. त्यांच्याकडे जुनी मालिका आणण्याची सोय आहे: जुन्या फीडचा पत्ता द्यायचा, मग मालकी तपासायला ते एक कोड पाठवतात. मी पत्ता टाकला, बटण दाबलं आणि वाट पाहत बसले. ईमेल आला नाही. पुन्हा दाबलं. मग पडद्यावरची ओळ नीट वाचली. फीडमध्ये मालक म्हणून जो ईमेल नोंदवलेला आहे त्यावर कोड पाठवला आहे, असं तिथे लिहिलं होतं, आणि पुढे चांदण्यांनी अर्धवट झाकलेला पत्ता. त्याच्या कंपनीचा! फीड उघडून पाहिली. लेखक म्हणून माझं नाव ठळक. मालकाच्या रकान्यात तो. शिवाय फीड "लॉक" केलेली, म्हणजे दुसऱ्या होस्टने ती मालकाच्या परवानगीशिवाय उचलू नये असा इशारा देणारी खूण लावलेली. ती खूण चोरांपासून निर्मात्याचं रक्षण करायला बनवली आहे. इथे ती निर्मातीलाच बाहेर ठेवायला वापरली होती. हे चुकून होत नाही.

मी फार काही मागत नव्हते. एक रीडायरेक्ट मागत होते. जुन्या पत्त्यावर ३०१ क्रमांकाचा निरोप लावायचा, की ही फीड कायमची अमुक पत्त्यावर गेली आहे. ॲप्स तो निरोप वाचतात आणि श्रोत्याला कळतही नाही, तो आपोआप नव्या घरी येतो. ॲपलच्या सूचनेप्रमाणे हा निरोप निदान चार आठवडे ठेवावा लागतो. काम काही मिनिटांचं. त्यासाठी त्याने "ट्रान्सफर चार्जेस" म्हणून जो आकडा सांगितला तो माझ्या महिन्याच्या पेन्शनएवढा होता. मी दिला नाही. लोक म्हणतात, द्यायला हवा होता, प्रश्न सुटला असता. आजीच्या आवाजाची खंडणी मी भरणार नाही.

वकिलांकडे गेले तेव्हा निम्मा दिलासा मिळाला. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. आमच्यात व्हॉट्सॲपवरच्या गोड गोड निरोपांपलीकडे काही नव्हतं, ध्वनिमुद्रण मी केलेलं, यंत्र माझं, मूळ फाइल्स माझ्याकडे. लेखी करार असला आणि त्यात मुदत लिहिलेली नसली तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसला तर फक्त भारत धरतात. हेही लक्षात ठेवा, कारण पुष्कळ कंपन्या "जगभर, कायमचे" असं मुद्दाम छापून आणतात. आणि सादर करणाऱ्या व्यक्तीचा स्वतःचा हक्क असतो, कलम ३८ प्रमाणे पन्नास वर्षांचा. २०१२ च्या दुरुस्तीने तिला आपल्या सादरीकरणाची नावाला बाधा येईल अशी मोडतोड झाली तर हरकत घेण्याचाही हक्क दिला. म्हणजे तो जुगार घुसवल्याबद्दल हरकत घ्यायचा हक्क माझ्याआधी त्या आजीचा होता. नोटीस गेल्यावर जाहिराती काढल्या गेल्या. पत्ता मात्र सुटला नाही. ध्वनिफितीवर कायदा चालतो, पण इतक्या वर्षांत गोळा झालेले श्रोते ज्या पत्त्यावर बांधले गेलेत तो पत्ता कोणाच्या खात्यात आहे, हा प्रश्न लांबलचक वादाचा. माझं वय त्यासाठी नाही.

म्हणून नवी फीड काढली. आता तुमच्यासाठी.

आधी स्वतःचं डोमेन घ्या. वर्षाला काही शे ते हजार-दीड हजार रुपयांत मिळतं. ते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर घ्या. भाचा, विद्यार्थी, कंपनी, कोणाच्याही नाही. फीडचा पत्ता त्या डोमेनवरच ठेवा, मग उद्या होस्ट बदललात तरी श्रोत्याकडचा पत्ता बदलत नाही. पैसे भरण्याआधी होस्टला लेखी विचारा: सोडून जाताना ३०१ रीडायरेक्ट देता का, किती काळ, आणि त्याचे पैसे घेता का? उत्तर टाळलं तर पुढे जाऊ नका. फीडमधल्या मालकाच्या रकान्यात तुमचाच ईमेल आहे ना, हे डोळ्यांनी पाहा. स्पॉटिफायसारख्या ठिकाणी मालकी मागताना कोड त्याच ईमेलवर येतो. फीडचा पत्ता सापडत नसेल तर पॉडकास्ट इंडेक्स ही खुली यादी आहे, तिथे मालिकेचं नाव शोधलं की मिळतो. फीड हलवताना प्रत्येक भागाची जुनी ओळखखूण जशीच्या तशी राहिली पाहिजे, नाहीतर श्रोत्याच्या ॲपमध्ये सगळे भाग दुसऱ्यांदा नवे म्हणून येतात.

मूळ ध्वनिमुद्रण कधीही हातचं सोडू नका. मी कंपनीला फक्त एमपी३ देत होते, वेव्ह फाइल्स माझ्याकडे. एका मिनिटाला मोनोमध्ये साधारण पाच एमबी जागा जाते. जड पडतं, पण त्यामुळेच आज माझ्याकडे सगळं आहे. एक प्रत घरात, एक दुसऱ्या गावी, एक इंटरनेट आर्काइव्हवर. सादर करणाऱ्याची संमती लेखी घ्या, अंगठा असला तरी चालेल, आणि जाहिरात लागणार नाही हे त्यातच लिहा. बाकी, वाचल्याशिवाय काही मान्य करू नका आणि फुकट देणाऱ्याला दोनदा विचारा, हे तुम्हाला माहीत आहेच.

मोठ्या ॲपवरही विसंबू नका. गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं, गूगल पॉडकास्ट्स २०२४ मध्ये. त्या वेळी ज्यांनी आपल्या फीड्सची यादी ओपीएमएल नावाच्या फाइलमध्ये काढून घेतली त्यांचं काही गेलं नाही, ती फाइल दुसऱ्या ॲपने उघडली. ही यादी आजच काढून ठेवा. आमच्या बोटीवरच्या मुलांना मी अँटेनापॉड सांगते. ते फुकट आहे, त्याचा मूळ कोड खुला आहे, खातं उघडावं लागत नाही आणि फीडचा पत्ता थेट टाकता येतो.

ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला, त्यात संगमेश्वरीची नोंद आहे. पुढे त्याच सर्वेक्षणासाठी देशातल्या अनेक बोलींच्या ग्रामोफोन तबकड्या केल्या गेल्या. त्या आता शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल ग्रंथालयात कोणालाही ऐकता येतात, मध्ये कोणी काही विकत नाही. शंभर वर्षांपूर्वीचे आवाज असे मोकळे राहू शकतात आणि आमच्या हयात आज्यांचे राहू शकत नाहीत, हे मी मान्य करणार नाही.

जुनी फीड अजून चालू आहे. तिच्यावर आमचे जुने भाग आहेत आणि नवा भाग तिच्यावर कधीही येणार नाही. तुमच्या घरी कोणी संगमेश्वरी गोष्टी ऐकत असेल आणि शिमग्यानंतर एकही नवा भाग आला नसेल, तर ते जुन्या पत्त्यावर आहेत. त्यांना ती मालिका काढायला सांगा आणि आम्ही दिलेला नवा पत्ता टाकून द्या. वयस्क माणसांना ते स्वतः जमत नाही, तुम्ही दोन मिनिटं बसून करून द्या.