जनावराचा विमा आणि जुनी दुखापत

विमा जायज की नाजायज, हा प्रश्न आलिम मंडळींचा. त्यात आम्ही पडत नाही. पण कर्ज काढून जनावर घेतले की बँक बहुधा विमा उतरवायला लावते. ज्याने विमा घेतला आहे त्याला त्याच्या अटी ठाऊक असाव्यात, एवढ्यासाठीच हे चार शब्द.

नांदेड-लातूर भागात देवणी आणि लाल कंधारी बैल, मराठवाडी म्हैस, उस्मानाबादी शेळी यांवर अनेक घरांची चूल पेटते. आमचा धंदा कापडाचा; धाकट्या भावाचा नांदेडला दुधाचा. त्याची एक म्हैस टेम्पोतून उतरताना घसरली आणि खुब्याला मार बसला. देशी इलाज केला, ती लंगडत का होईना चालू लागली. महिन्याभराने विमा उतरवला. अर्जात प्रश्न होता, जनावराला पूर्वी काही आजार किंवा इजा झाली आहे काय? भावाने आम्हाला विचारले. आम्ही म्हणालो, "आता बरी आहे ना? लिही, नाही." डॉक्टरांनाही ती उभीच दाखवली, चालवून दाखवली नाही.

चार महिन्यांनी म्हैस बसली ती उठली नाही. शवविच्छेदनाच्या अहवालात खुब्याची जुनी इजा आली आणि दावा नामंजूर झाला. दोन दिवस आम्ही कंपनीला नावे ठेवली. मग चष्मा लावून पॉलिसी वाचली, तेव्हा कळले की चूक आमची होती आणि नुकसान भावाचे झाले. कर्जाचे हप्ते चालूच आहेत. त्यातले निम्मे आता आम्ही भरतो.

त्या कागदातून जे शिकलो ते असे. जनावराच्या साध्या पॉलिसीत अपघात, आजार, शस्त्रक्रिया, दंगल किंवा संप यांमुळे आलेला मृत्यू येतो. औषधपाण्याचा खर्च त्यात येत नाही. कायमच्या अपंगत्वासाठी जादा हप्ता भरावा लागतो. चोरी, हयगय आणि मुद्दाम केलेली इजा यांची भरपाई नाही. विमा सुरू होण्याआधी झालेला अपघात किंवा लागलेला आजार यांचीही भरपाई नाही. शिवाय सुरुवातीचे साधारण १५ दिवस नव्या आजाराचाही दावा चालत नाही. म्हणजे २०२२ सालच्या लम्पीसारखी साथ गोठ्यात शिरल्यावर विम्यासाठी धावून उपयोग नाही. शहरात पाळीव कुत्र्याचा विमा निघतो, त्यात उपचाराचा खर्चही मिळू शकतो. पण जुन्या दुखापतीचा नियम तेथेही हाच.

माणसाच्या आरोग्य विम्यात थोडी सवलत आहे. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांप्रमाणे जाहीर केलेल्या जुन्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षे थांबावे लागते. सलग पाच वर्षे पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही. जनावराची पॉलिसी बहुधा एक ते तीन वर्षांची. तेथे अशी सवलत नाही.

मग खरे लिहिले तर फायदा काय? फायदा आहे. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने मनमोहन नंदा यांच्या प्रवास-आरोग्य विम्याच्या खटल्यात सांगितले की, आजार माहीत असून कंपनीने पॉलिसी दिली असेल, तर पुढे तेच कारण दाखवून तिला दावा नाकारता येणार नाही. लिहून दिलेली गोष्ट आपल्या बाजूने साक्ष देते. लपवलेली उलटते.

तेव्हा आमच्या बांधवांनी एवढे करावे :

१) जनावर धडधाकट असतानाच विमा उतरवावा.

२) अर्ज दुसऱ्याला भरू दिला तरी वाचून घेऊनच सही करावी. जुनी इजा तारखेसह लिहावी आणि अर्जाची प्रत ठेवावी.

३) डॉक्टरांचा आरोग्य दाखला नीट तपासणी करूनच घ्यावा.

४) कानातील बिल्ला जपावा. बिल्ला नाही तर दावा नाही. पडला तर लगेच कळवून नवा मारून घ्यावा.

५) जनावर दगावल्यास ताबडतोब कंपनीला कळवावे, फोटो काढावेत, शवविच्छेदनाआधी पुरू नये.

६) दावा नाकारला तर कारण लेखी मागावे. आधी कंपनीकडे तक्रार करावी. महिनाभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जावे. तेथे फी नाही. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही आहे, त्याची मुदत दोन वर्षांची.

हप्ता परवडत नाही म्हणणाऱ्यांनी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी. २०२४ साली केंद्राने राष्ट्रीय पशुधन अभियानात मालकाचा हिस्सा हप्त्याच्या १५ टक्क्यांवर आणला.

आम्ही तीस वर्षे कापड विकतो. थानात डाग असला तर गिऱ्हाइकाला आधी दाखवतो आणि भाव कमी करतो; म्हणून ते माल परत आणत नाही. हाच उसूल विम्याच्या अर्जावर सही करताना आम्ही विसरलो. तुम्ही विसरू नये.