पडद्याविना चालणारा घरचा सर्व्हर आणि टॉरंट क्लायंटची निवड

दिल्लीतील आर. के. पुरम ही मुख्यतः सरकारी नोकरांच्या निवासस्थानांची वसाहत होय. बदलीमुळे महाराष्ट्रातून येथे आलेले एखादे कुटुंब दोन खोल्यांच्या घरात राहत आहे, अशी कल्पना करावी. घरातील फडताळात तळहाताएवढा एक संगणक आहे. त्याला पडदा नाही व कळफलकही नाही. विजेची तार, नेटवर्कची तार आणि एक बाह्य डिस्क एवढाच त्याचा संसार. अशा यंत्रास इंग्रजीत ‘हेडलेस सर्व्हर’ म्हणतात. १९६१ साली स्थापन झालेल्या वैज्ञानिक तथा तकनीकी शब्दावली आयोगाचे कार्यालय याच वसाहतीतील पश्चिम खंड ७ मधले. परंतु ‘शिरहीन सेवक’ असा शब्द घडविला तर मराठी वाचकास मुंडके नसलेल्या भुताचीच आठवण व्हावयाची. म्हणून येथे रूढ इंग्रजी शब्दच ठेवले आहेत.

या यंत्राकडून कुटुंबास दोन कामे हवी आहेत : डेबियनसारख्या मुक्त प्रणालीच्या प्रती, तसेच इंटरनेट आर्काइव्हवरील जुनी मराठी पुस्तके उतरवून घेणे, आणि घेतलेले इतरांस देत राहणे. ही दोन्ही कामे बिटटॉरंट या पद्धतीने होतात. ब्रॅम कोहेन यांनी ती २००१ साली प्रसिद्ध केली.

छापखाने येण्यापूर्वी पोथीची नक्कल कशी होत असे ते आठवावे. मूळ पोथी एकच असून लेखक दहा असतील, तर प्रत्येकाने पहिल्या पानापासून आरंभ करण्यात अर्थ नाही. प्रत्येकाने वेगळी पाने उतरावी व मग परस्परांकडून उरलेली घ्यावी, हे श्रेयस्कर. बिटटॉरंटमध्ये फाइलीचे तुकडे पाडून नेमके हेच केले जाते, आणि जो तुकडा सर्वांत थोड्यांपाशी आहे तो सामान्यतः आधी मागितला जातो. पोथीच्या शेवटी ग्रंथसंख्या नोंदवीत, म्हणजे ३२ अक्षरांचा एक ग्रंथ या मापाने मजकूर मोजीत. त्यावरून गळती उमगे. येथे प्रत्येक तुकड्याची २० बाइटांची खूण टॉरंट फाइलीत आधीच लिहिलेली असते. १ गिबीबाइटाच्या फाइलीचे २५६ किबीबाइटांचे तुकडे केले तर ते ४,०९६ होतात व त्यांच्या खुणा ८१,९२० बाइटांत मावतात. खूण जुळली नाही तर तुकडा टाकून दिला जातो. ग्रंथसंख्या केवळ अक्षरांची संख्या सांगे. ही खूण एक अक्षर बदलले तरी बदलते.

यातून एक जबाबदारी उद्भवते. घेणारा त्याच क्षणी देणाराही होतो, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने वितरक ठरू शकतो. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमानुसार ग्रंथावरील हक्क सामान्यतः लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. पुस्तक जुने दिसते एवढ्यावरून ते हक्कमुक्त समजू नये.

आता निवडीकडे वळू. उन्हाळ्याच्या सुट्टीत कुटुंब गावी जाईल, घरास कुलूप असेल, आणि एखाद्या दुपारी वीज जाऊन परत येईल. त्या वेळी खिडक्या व बटणे असलेला क्लायंट निरुपयोगी आहे, कारण तो उघडणारे कोणी तेथे नाही. म्हणून काम करणारा भाग व हुकूम देणारा भाग निराळे असणे ही पहिली कसोटी होय.

ट्रान्समिशनचा पार्श्वभूमीवर चालणारा भाग या कसोटीस उतरतो. तो अल्प स्मृतीत भागवितो; २०१२ च्या पहिल्या रास्पबेरी पायमध्ये अवघी २५६ मेगाबाइट स्मृती होती, अशा यंत्रास तोच शोभतो. त्याची एक खोड मात्र नवख्यास रडविते : तो चालू असताना मांडणीची फाइल बदलली, तर बंद होताना तो जुनी मांडणी पुन्हा लिहून टाकतो. आधी त्यास थांबवावे, मग फाइलीस हात लावावा. क्यूबिटटॉरंटची ‘नॉक्स’ आवृत्ती अधिक खाते, परंतु वर्गवारी, आपोआप आवक व शोध यांची सोय देते. टॉरंटांची संख्या शेकड्यांत गेली की हीच बरी. डेल्यूजची रचना सुबक आहे. तथापि त्याच्या पहिल्या व दुसऱ्या पिढीचे भाग परस्परांशी बोलत नाहीत. आर-टॉरंट हा टर्मिनलमध्ये रमणाऱ्यांचा क्लायंट; ज्यास त्याची मांडणी वाचण्यात आनंद वाटतो त्याला सल्ल्याची गरज नसते.

वर वर्णिलेल्या कुटुंबास ट्रान्समिशन पुरेसा आहे.

परंतु निवडीपेक्षा मोठा धोका दारात असतो. ट्रान्समिशनचे नियंत्रण ९०९१ या पोर्टवर व क्यूबिटटॉरंटचे सामान्यतः ८०८० वर असते. क्यूबिटटॉरंटला पूर्वी सर्वांस ठाऊक असलेला एकच पासवर्ड असे. २०२३ च्या अखेरीपासून नव्या स्थापनेत तो प्रारंभी यदृच्छया निर्माण होतो. तरीही राउटरमधून ही दारे बाहेर उघडू नयेत. गावाहून पाहावयाचे असेल तर एसएसएचच्या बोगद्यातून पाहावे. ज्या पोर्टवर इतर सहभागी तुकडे मागण्यास येतात ते मात्र उघडे असणे हितकर. राउटरचा बाह्य पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल, तर सेवा देणाऱ्या कंपनीने एकच पत्ता अनेक घरांत वाटला आहे असे समजावे. मग पोर्ट कितीही उघडले तरी आयपीव्ही४ वरून बाहेरचा पोहोचत नाही. तेव्हा आयपीव्ही६ चालू आहे काय ते पाहावे.

शेवटचा प्रश्न डिस्कचा. यंत्र पुन्हा सुरू होताना बाह्य डिस्क जोडली गेली नाही, तर क्लायंट तिच्या नावाच्या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे लहानशा मेमरी कार्डावर, लिहू लागतो. कार्ड भरते आणि सगळेच यंत्र मुके होते; पडदा नसल्याने कारणही दिसत नाही. डिस्क जोडल्याविना क्लायंट सुरू होऊ नये अशी अट सेवेच्या फाइलीत घालता येते. गावी निघण्याच्या आदल्या दिवशी यंत्र नीट बंद करून डिस्कची तार काढावी, मग ते सुरू करून क्लायंट खरोखरच थांबून राहतो काय ते पाहावे. त्यानंतर तार जोडून यंत्र पुन्हा चालू करावे आणि कोणी हात न लावता काम जेथे थांबले होते तेथून पुढे जाते काय, ते दुसऱ्या खोलीतून फोनवर तपासावे.