इंटरनेटची आकडेवारी आणि मातेचे आरोग्य

दमणगंगेच्या काठावर आमचे अथाल गाव वसले आहे. एका बाजूस सिल्वासा, दुसऱ्या बाजूस नरोलीची वाट, आणि मध्ये समुद्राकडे जाणारी ही नदी. पावसाळ्यात तिचे पाणी फुगले म्हणजे पलीकडचा काठ एकाएकी दूर गेल्यासारखा वाटतो. वास्तविक पूल तितकाच लांब असतो. परंतु ज्याच्या घरी कोणी अडलेले आहे, त्याला तो दुप्पट लांब भासतो. अंतर केवळ कोसांनी मोजावयाचे नसते, ते वेळेनेही मोजावयाचे असते, ही गोष्ट नदीकाठच्या माणसांस कोणी शिकवावी लागत नाही.

अलीकडे अंतराचे आणखी एक माप निर्माण झाले आहे. अमुक घरापर्यंत इंटरनेट पोहोचते काय, आणि पोहोचत असल्यास ते घरातील कोणाच्या हाती असते, हे ते माप होय. या मापाचा उपयोग मातांचे प्राण वाचविण्याच्या कामी कसा करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत. प्रथमदर्शनी विषय थोडा विचित्र वाटेल. बाळंतपणाचा आणि इंटरनेटच्या गणतीचा संबंध काय, असे कोणीही विचारील. परंतु आकड्यांनी मातांचे प्राण वाचविल्याची साक्ष इतिहासात आहे. तेथूनच आरंभ करू.

व्हिएन्ना शहरातील मोठ्या रुग्णालयात दोन प्रसूतिकक्ष होते. एकात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी शिकत. पहिल्या कक्षात शंभर मातांपैकी दहाच्या आसपास माता सूतिकाज्वराने मरण पावत. दुसऱ्यात हे प्रमाण त्याच्या निम्म्याहूनही कमी असे. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टराने दोन्ही कक्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडले आणि फरकाचे कारण शोधले. विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच प्रसूतिकक्षात येत. १८४७ च्या मे महिन्यात त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम केला, आणि पहिल्या कक्षातील मृत्यू झपाट्याने घटले. जंतूंची विद्या तेव्हा जन्मास यावयाची होती. दोन आकडे शेजारी ठेवून ‘असे का?’ हा प्रश्न विचारणारा मनुष्य तेवढा होता. पुढे १८५४ साली लंडनमध्ये पटकीची साथ आली असता डॉ. जॉन स्नो याने मृतांची घरे नकाशावर मांडली, आणि ती ब्रॉड स्ट्रीटवरील एका पाण्याच्या पंपाभोवती गोळा झालेली दाखवून दिली. आकडा आणि नकाशा, ही दोन साधने तेव्हापासून वैद्यकाची झाली.

आपल्या महाराष्ट्रात डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र सर्वांस ठाऊक आहे. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांस पुत्र झाला आणि तो दहा दिवसांतच गेला. योग्य उपचार वेळेवर न मिळाल्याचे ते दुःख त्यांच्या वैद्यकशिक्षणाच्या निर्धारास कारण झाले. १८८६ साली अमेरिकेत त्यांनी पदवी मिळविली. ‘वेळेवर’ हा शब्द येथे ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

माता का दगावते, याचे उत्तर आज वैद्यकास चांगले ठाऊक आहे. अतिरक्तस्राव, वाढलेला रक्तदाब व त्यामुळे येणारे झटके, जंतुसंसर्ग, अडलेली प्रसूती आणि असुरक्षित गर्भपात ही प्रमुख कारणे होत. यांपैकी बहुतेकांवर इलाज आहे. मग इलाज असून मृत्यू का? १९९४ साली थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासक स्त्रियांनी याचे मार्मिक उत्तर दिले. त्यांनी तीन विलंब सांगितले: धोका ओळखून घराबाहेर पडण्याचा निर्णय घेण्यातील विलंब, रुग्णालयापर्यंत पोहोचण्यातील विलंब, आणि पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यातील विलंब.

आता इंटरनेट आणि फोन यांचा संबंध लक्षात येईल. डोके तीव्र दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, चेहऱ्यास सूज येणे ही गर्भवतीच्या बाबतीत धोक्याची चिन्हे आहेत, हे जिला अगोदर समजले, तिच्या घरचा निर्णय लवकर होतो. १०८ क्रमांकावर फोन लागला, तर वाहन लवकर निघते. आणि उपकेंद्रातील आरोग्यसेविकेस ‘ई-संजीवनी’ या २०१९ साली सुरू झालेल्या शासकीय योजनेतून मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरांचा सल्ला घेता आला, तर तिसरा विलंबही काही अंशी टळतो. मात्र या तिन्ही गोष्टींस एक अट आहे: लहरी तेथवर पोहोचल्या पाहिजेत.

त्या कोठे पोहोचतात आणि कोठे पोहोचत नाहीत? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने हा प्रश्न विचारला. भारतातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या शंभर स्त्रियांपैकी अवघ्या ३३ स्त्रियांनी आयुष्यात कधी तरी इंटरनेट वापरले होते. पुरुषांत हे प्रमाण ५७ होते. शहरी स्त्रियांत ते ५२, तर ग्रामीण स्त्रियांत केवळ २५ होते. त्याच पाहणीत असेही आढळले की, शंभरांपैकी ८९ प्रसूती रुग्णालयात होऊ लागल्या आहेत. परंतु गरोदरपणात निदान चार वेळा तपासणी झालेल्या माता ५८ च होत्या, आणि शंभर गर्भवतींपैकी ५२ स्त्रियांच्या अंगी रक्त कमी होते. म्हणजे शेवटच्या दिवशी रुग्णालयाचे दार गाठण्यास आपण शिकलो. त्याआधीचे नऊ महिने मात्र अद्याप पुरते आपल्या हाती आलेले नाहीत.

येथे विद्यार्थ्यांनी एक हिशेब करून पाहावा. समजा, एका गावात चार पाडे आहेत आणि प्रत्येक पाड्यात १०० घरे आहेत. इंटरनेट असलेली घरे अनुक्रमे ९०, ८५, ७५ आणि १० आहेत. एकूण ४०० घरांपैकी २६० घरांत इंटरनेट आहे. म्हणजे गावाची सरासरी शेकडा ६५ झाली. कागदावर गाव बरे दिसते. परंतु चौथ्या पाड्यातील गर्भवती स्त्री सरासरीत राहत नाही. ती चौथ्या पाड्यात राहते. आता तिसरा पाडा घ्या. तेथील ७५ घरांपैकी ५० घरांत एकच फोन आहे आणि तो घेऊन घरधनी सकाळी कारखान्यात जातो. म्हणजे दिवसा प्रत्यक्षात २५ घरांतच फोन उरला. सिल्वासाभोवतीच्या कारखान्यांत पाळीवर जाणारी माणसे ज्यांच्या घरी आहेत, त्यांस हे उदाहरण फोडून सांगावयास नको.

सरासरीचा हा दोष आपल्या प्रदेशास विशेष लागू पडतो. दूरसंचाराच्या कारभारात दादरा व नगर हवेली गुजरात सेवाक्षेत्रात मोडते. त्या क्षेत्राचा एकत्र आकडा अहमदाबाद आणि सुरत यांच्या गर्दीत आपले पाडे झाकून टाकतो. २६ जानेवारी २०२० पासून आपला प्रदेश दमण आणि दीव यांच्याशी एकत्र झाला. त्यामुळे संपूर्ण केंद्रशासित प्रदेशाच्या आकड्यात समुद्रकाठची नगरे आणि दुधनी, मांदोनी, सिंदोनीकडील डोंगराळ वस्त्या एकाच मापात येतात. म्हणून अभ्यासकाने गावाचा आणि शक्य तर पाड्याचा आकडा मागितला पाहिजे.

असा सूक्ष्म नकाशा करण्याचा प्रयत्न अन्यत्र झाला आहे. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशातही २०२१ साली १,२०५ माता गर्भारपणाच्या वा प्रसूतीच्या कारणाने मरण पावल्या. डिसेंबर २०२२ मध्ये तेथे एक कायदा झाला, आणि तेथील दळणवळण आयोगाने आपल्या इंटरनेटच्या नकाशात मातांच्या आरोग्याची माहिती समाविष्ट केली. २०२३ पासून हा नकाशा लोकांसमोर आहे. कोणत्या परगण्यात इंटरनेटही दुबळे आणि मातांचे आरोग्यही दुबळे, हे त्यावरून पाहता येते.

असा नकाशा हाती आल्यावर करावयाचे काय? दोन प्रश्नांनी वस्त्यांचे चार वर्ग पडतात. जेथे इंटरनेट आहे व तपासणीही होते, तेथे चालले आहे ते चालू ठेवावे. जेथे इंटरनेट आहे पण तपासणी होत नाही, तेथे फोनवरून संदेश आणि सल्ला यांचा जोर वाढवावा. जेथे दोन्ही नाहीत, तेथे संदेश पाठवून काय होणार? तेथे आशा कार्यकर्तीच्या फेऱ्या वाढवाव्या, वाहनाची आगाऊ सोय करावी आणि मनोऱ्याची मागणी करावी. आणि जेथे इंटरनेट नसूनही तपासणी चांगली होते, त्या वस्तीपासून सर्वांनी शिकावे. तेथे बहुधा एखादी तळमळीची आरोग्यसेविका पायपीट करीत असते.

संदेश पाठविला म्हणजे तो ऐकला गेला, असेही नाही. केंद्र शासनाची ‘किलकारी’ योजना २०१६ साली सुरू झाली. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचे होईपर्यंत दर आठवड्यास एक, असे ७२ ध्वनिसंदेश फोनवर विनामूल्य येतात. महाराष्ट्रात आणि गुजरातेत तिचा आरंभ २०२४ च्या फेब्रुवारीत झाला. मुंबईत डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ साली स्थापन केलेली ‘अरमान’ ही संस्था ‘एममित्र’ नावाने असेच संदेश पाठवीत आली आहे. पुष्कळ स्त्रिया काही आठवड्यांनी संदेश ऐकणे सोडतात, असे तिला आढळले. प्रत्येकीस फोन करून विचारपूस करावी, तर तेवढे मनुष्यबळ नाही. तेव्हा गूगलच्या संशोधकांच्या साहाय्याने, कोणी किती संदेश ऐकले या नोंदींवरून, कोणत्या स्त्रीस या आठवड्यात फोन केल्याने अधिक उपयोग होईल, याचे गणित मांडण्यात आले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात सुमारे २३,००० स्त्रिया होत्या आणि तो सात आठवडे चालला. केवळ क्रमवारीने फोन केले असता विशेष फरक पडला नाही. गणिताने निवड करून फोन केले असता ऐकणे सुटण्याचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटले. माणसे तेवढीच, फोन तेवढेच. कोणाला करावा एवढेच आकड्यांनी सांगितले.

येथे काही सावधगिरीचे बोल सांगणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. पहिली गोष्ट ही की, जेथे इंटरनेट आहे तेथे माता सुखरूप असतात, एवढ्यावरून इंटरनेटनेच त्या वाचल्या असे ठरत नाही. तेथे रस्ता, शिक्षण आणि पैसाही असतो. दुसरी गोष्ट लहान संख्येची. समजा, एका प्रदेशात वर्षास ५,००० बाळे जन्मतात. एक माता दगावली तर दर लाखामागे २० हे प्रमाण येते. पुढील वर्षी दोन दगावल्या तर एकदम ४०. म्हणून छोट्या प्रदेशात केवळ मृत्यू न मोजता रक्ताची तपासणी, रक्तदाबाची नोंद आणि वेळेवर झालेल्या भेटी मोजाव्या. मृत्यू मोजण्याची वेळ येऊच नये, यासाठीच ही मोजणी असते. तिसरी गोष्ट भाषेची. आपल्या पाड्यांवर वारली, कोकणा, धोडिया बोलल्या जातात. जो संदेश मातेच्या बोलीत नाही, तो तिच्या कानावर पडतो, मनावर पडत नाही. चौथी गोष्ट गुप्ततेची. कोणती स्त्री गरोदर आहे, ही तिची खाजगी बाब आहे. नकाशावर वस्ती दाखवावी, व्यक्ती दाखवू नये. २०२३ साली झालेल्या व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यामागेही हेच तत्त्व आहे.

विद्यार्थ्यांस या कामी काही करता येईल काय? अवश्य येईल. आपापल्या पाड्याचा साधा नकाशा काढावा. अंगणवाडी, उपकेंद्र, पक्का रस्ता आणि रुग्णवाहिका जेथवर येते ती जागा दाखवावी. कोणत्या ठिकाणी फोन लागतो आणि कोणत्या वळणापलीकडे लागत नाही, हे दोन रंगांनी भरावे. कोणाच्या घरी कोण गरोदर आहे, हे मात्र विचारू नये व लिहू नये. तयार झालेला नकाशा शिक्षकांमार्फत ग्रामपंचायतीस आणि आरोग्यसेविकेस द्यावा. सिल्वासास श्री विनोबा भावे रुग्णालय आहे, वैद्यकीय महाविद्यालयही आहे. खानवेलीस रुग्णालय आहे. परंतु रुग्णालयाचे दार उघडे असणे आणि त्या दाराशी वेळेवर पोहोचणे यांमध्ये जी वाट आहे, ती पाड्यातील मुलांइतकी कोणास ठाऊक असणार?

आणि घरी गेल्यावर आणखी एक गोष्ट करावी. घरात फोन एकच असेल आणि आई, वहिनी वा काकी गरोदर असेल, तर संदेश येण्याच्या वेळी तो फोन तिच्या हाती असू द्यावा. थोड्या मिनिटांचे ते काम आहे. पुलाची लांबी आपणांस कमी करता येत नाही. पण पुलाकडे निघण्याची वेळ मात्र थोडी अलीकडे आणता येते.