भाच्याच्या तोंडाला कुलूप का?

प्रश्न : आमचा भाचा पुण्यात एका कंपनीत व्हिडिओ गेम ‘टेस्ट’ करायला जातो. कुठला गेम, असं विचारलं की विषय बदलतो. बाजारात न आलेला गेम आयता खेळायला मिळतो, वर पगार, मग एवढी लपवाछपवी कशाला? आणि अशा प्रती बाहेरच्यांना कधी बघायलाच मिळत नाहीत का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : चाकण-तळेगाव रस्त्याला काळ्या-पांढऱ्या नक्षीचं स्टिकर अंगभर चिकटवलेल्या, बाजारात न आलेल्या गाड्या दिसतात ना, भाच्याच्या पडद्यावरचा गेम त्याच जातीचा. त्याला ‘इंटर्नल बिल्ड’ म्हणतात. दिवसभरात झालेले बदल एकत्र करून नवी प्रत निघते, तिला क्रमांक पडतो आणि ती टेस्टरच्या हाती येते. भिंती करड्या, रंग अजून चढलेला नाही. पात्रं ओठ हलवतात, आवाज नाही. छुप्या मेनूतून मात्र हव्या त्या लेव्हलला थेट जाता येतं, नायकाला अमरही करता येतं.

‘आयता खेळायला मिळतो’ हे तेवढं डोक्यातून काढा. एकाच भिंतीला नायक घासत न्यायचा, कुठे आरपार जातो का बघायचं. गेला, की नोंद : बिल्ड क्रमांक, जागा, त्याआधी काय काय केलं ते क्रमाने, 10 पैकी किती वेळा घडलं, सोबत व्हिडिओ. ‘कधीकधी अडकतं’ असं लिहिलं तर नोंद परत येते, आणि यायलाच हवी. दुरुस्ती झाली की पुन्हा तीच भिंत, शिवाय त्या दुरुस्तीने शेजारचं दार बंद पडलं नाही ना, तेही बघायचं. पुण्याला हे काम नवं नाही. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने 2008 साली गेमलॉफ्टचा इथला स्टुडिओ घेतला, तिथेही गेम तपासण्याचं काम चालत आलं आहे.

आता कुलपाबद्दल. भाच्याने गुप्ततेच्या करारावर सही केलेली असणार. पुष्कळ ठिकाणी तर प्रत्येकाच्या प्रतीवर त्याची ओळख सांगणारी खूण असते. फोटो बाहेर गेला की कोणाकडून, ते लगेच कळतं. 2003 साली ‘हाफ-लाइफ 2’चा सोर्स कोड चोरीला गेला आणि अर्धवट गेम लोक खेळू लागले. खरा गेम आला नोव्हेंबर 2004 मध्ये. लोक अर्धवट कामावरही पुऱ्या कामाचा निकाल देऊन मोकळे होतात, ही धास्ती खोटी नाही. युबिसॉफ्टच्या पुणे-मुंबई स्टुडिओंनी हाती घेतलेल्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’च्या नव्या रूपाची झलक सप्टेंबर 2020 मध्ये दाखवली, तर चित्रांवरून टीकेची झोड उठली. 2022 मध्ये ते काम माँट्रियलला गेलं. ती झलक तर कंपनीने स्वतःहून दाखवलेली होती!

बाहेरच्यांसाठी राजमार्ग म्हणजे ‘बीटा’, विक्रीआधी त्यांना खेळायला दिलेली प्रत. पुण्याच्याच सुपरगेमिंग कंपनीने ‘इंडस’ हा गेम 2024 मध्ये बाजारात आणण्याआधी निवडक लोकांना खेळायला दिला होता. बाकी आतल्या प्रती फुटतात किंवा जुन्या सामानात सापडतात, आणि त्यांचे दर्दी त्या जिवापाड जपतात. 1992च्या ‘सॉनिक 2’ची अशीच एक प्रत पुढे बाहेर आली. तिच्यात ‘हिडन पॅलेस’ नावाची लेव्हल होती. विक्रीच्या गेममध्ये ती कोणाला खेळताच आली नव्हती. चाहते वर्षानुवर्षं तिच्याबद्दल बोलत राहिले. शेवटी 2013च्या मोबाइल आवृत्तीत ती लेव्हल नव्याने पूर्ण करून घातली गेली.