दोन हातांचा बॅकहँड : एका फटक्याचा इतिहास आणि सराव

स्मरणिकेसाठी आमच्याकडून इतिहासविषयक लेखाची अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. वर्गात आम्ही इतिहासच शिकवितो. परंतु संध्याकाळचा एक तास आम्ही अनेक वर्षे मुलांसमवेत मैदानावर घालविला, हे माजी विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. त्या तासात आमच्या हातून एक चूक घडली आणि त्या चुकीमुळेच टेनिसमधील एका फटक्याचा इतिहास आम्हाला मुळापासून वाचावा लागला. तो इतिहास, त्यातून हाती आलेली सरावाची पद्धत आणि ती चूक या तिन्ही गोष्टी येथे नोंदवून ठेवीत आहोत.

आमची चूक

काही वर्षांपूर्वी सहावीतील एक विद्यार्थिनी वसतिगृहाच्या मागील भिंतीवर टेनिसचा चेंडू मारू लागली. रॅकेट देणगीतून आलेली, मोठ्या माणसाच्या मापाची, म्हणजे २७ इंच लांबीची होती. मुलगी अंगाने बारीक. उजव्या बाजूचा चेंडू ती कसाबसा एका हाताने मारी. परंतु डावीकडे चेंडू आला की आपोआप दुसरा हात मुठीवर येई. आम्ही तरुणपणी एका हाताचा बॅकहँड पाहिलेला आणि तोच शुद्ध मानलेला. आम्ही तिला बजावले, "डावा हात सोड. कुबडी घेऊन खेळायचे नसते." ती म्हणाली, "सर, हात सोडला की रॅकेट वळते." आम्ही ते ऐकले, पण त्यावर विचार केला नाही.

तिने आज्ञा पाळली. दोन महिन्यांत तिचा उजवा कोपर दुखू लागला आणि डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. शालेय स्पर्धांचा तो हंगाम तिने मैदानाच्या कडेला बसून काढला. त्या काळात आम्ही जे वाचले व पाहिले, त्यावरून ध्यानात आले की, त्या मुलीने नकळत योग्य तेच केले होते आणि शिक्षक असूनही आम्हीच ते मोडून काढले होते.

फटक्याचा इतिहास

लॉन टेनिसला १८७४ साली इंग्लंडमध्ये वॉल्टर विंगफिल्ड यांनी पेटंट घेऊन बाजारात आणले. पुढची साठ वर्षे बॅकहँड हा एका हाताचाच फटका समजला जाई. १९३३ साली ऑस्ट्रेलियाच्या व्हिव्हियन मॅकग्रा या सोळा वर्षांच्या मुलाने एल्सवर्थ व्हाइन्स या नामवंत अमेरिकन खेळाडूस ऑस्ट्रेलियन स्पर्धेत हरविले. तो बॅकहँड दोन्ही हातांनी मारीत असे. १९३७ साली त्याने ती स्पर्धा जिंकली, तेव्हा अंतिम सामन्यातील त्याचा प्रतिस्पर्धी जॉन ब्रॉमविच हाही बॅकहँडला दोन हात लावणाराच होता. तरीही पुढे अनेक वर्षे जाणकारांनी या फटक्याला विक्षिप्तपणाच मानले.

चित्र पालटले ते १९७०च्या दशकात. ख्रिस एव्हर्टचे वडील जिमी एव्हर्ट हे फ्लोरिडातील सार्वजनिक कोर्टांवर प्रशिक्षक होते. लहानपणी एका हाताने रॅकेट पेलवेना म्हणून तिने दुसरा हात लावला. मोठी झाल्यावर ती एका हाताकडे वळेल, अशी वडिलांना आशा होती. ती वळली नाही आणि एकेरीची अठरा ग्रँड स्लॅम विजेतीपदे तिने त्याच फटक्याच्या बळावर मिळविली. जिमी कॉनर्सला हा खेळ त्याच्या आईने व आजीने शिकविला. तोही दोन हातांचा. स्वीडनचा ब्यॉर्न बोर्ग याच बॅकहँडने १९७६ ते १९८० अशी सलग पाच वर्षे विंबल्डन जिंकला. त्यानंतर लहान मुलांना दोन हातांनी शिकविणे ही जगभरची रीतच झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुरुषांच्या जागतिक क्रमवारीतील पहिल्या दहांत एका हाताने बॅकहँड मारणारा एकही खेळाडू उरला नाही. १९७३ साली ही क्रमवारी सुरू झाल्यापासून असे प्रथमच घडले.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्हाला येथे एक गोष्ट महत्त्वाची वाटते. हा फटका कोणा पंडिताने ग्रंथात लिहून दिलेला नाही. ज्यांचे मनगट एकट्याने पुरे पडत नव्हते, अशा मुलांनी तो आपल्या गरजेतून घडविला. दुर्बळाची सोय म्हणून ज्याची हेटाळणी झाली, तीच पुढे खेळाची मुख्य रीत बनली.

'टेनिस हा आपला खेळ आहे का?' असे काही पालकांनी आम्हाला विचारले होते. प्रश्न रास्त आहे. जिमखान्याचे सभासदत्व आपल्या आवाक्यातले नाही आणि म्हाळुंगे-बालेवाडीचे क्रीडासंकुल बिबवेवाडीपासून शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. परंतु व्हीनस आणि सेरेना विल्यम्स या भगिनी कॅलिफोर्नियातील कॉम्प्टन या गरीब वस्तीच्या शहरात सार्वजनिक कोर्टांवर शिकल्या. त्यांचे वडील रिचर्ड यांनी स्वतः पुस्तके व चित्रफिती पाहून त्यांना शिकविले. दोघींचाही बॅकहँड दोन हातांचा. आपल्या महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसले यांनी ३० सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत रोहन बोपण्णा यांच्यासमवेत मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळविले, तेही अंतिम सामन्यातील पहिला सेट २–६ असा गमावल्यानंतर. खेळ कोणाचा, हे तो खेळणारे ठरवितात.

फटक्याची रचना

येथील सर्व वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलटून वाचावे. उजवा हात मुठीच्या तळाशी असतो आणि हातोडी धरावी तसा रॅकेट धरतो. त्याला लागूनच वर डावा हात येतो; तो फोरहँड मारावा तसा, तळवा मुठीच्या मागे ठेवून धरतो. दोन्ही हात एकमेकांना चिकटलेले असावेत. पकड सैल ठेवावी. चेंडू लागण्याच्या क्षणी ती आपोआप घट्ट होते.

या फटक्यात डावा हात उजव्याचा मदतनीस असतो, असा समज आहे. वस्तुस्थिती उलट आहे. फटका मुख्यतः डावा हात मारतो, उजवा त्याला साथ देतो व दिशा सांभाळतो. दोन हातांचा बॅकहँड म्हणजे डाव्या हाताचा फोरहँडच होय. आपल्या घरांत डावा हात लहानपणापासून मागे ठेवला जातो. जेवताना, वस्तू देताघेताना तो पुढे केला की मूल बोलणी खाते. म्हणूनच या हाताला वेगळे शिक्षण द्यावे लागते.

बळ मात्र हातांतून नव्हे, कमरेतून व पायांतून येते. हे आमच्या विद्यार्थिनीला शब्दांनी उमगले नाही; बादलीने उमगले. अंगण धुताना भरली बादली दोन्ही हातांनी धरून पाणी दूरवर फेकतात, तेव्हा आधी अंग वळते, गुडघे वाकतात, मग कंबर फिरते आणि शेवटी हात पुढे जातात. बॅकहँडचा क्रम अगदी हाच आहे. खांदे वळवून उजवा खांदा जाळ्याकडे करावा, रॅकेट मागे नेऊन तिचे तोंड चेंडूच्या खाली आणावे, वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर घ्यावे, चेंडू शरीराच्या थोडा पुढे गाठावा आणि रॅकेट उजव्या खांद्यावरून मागे जाऊ द्यावी.

सरावाचा क्रम

कोर्ट नसले तरी पुढील क्रम कोणत्याही शाळेत पाळता येतो. आठवड्यातून चार दिवस, दररोज अर्धा तास पुरेसा आहे.

पहिली पायरी केवळ डाव्या हाताची. मूठ थोडी वर धरून, सोबत्याने हाताने टाकलेला चेंडू फक्त डाव्या हाताने मारावा. असे वीस चेंडू. आरंभी हसू येईल इतके ते भरकटतात. पंधरा दिवसांत हात वळणावर येतो.

दुसरी पायरी टाकलेल्या चेंडूची. सोबत्याने समोरून, एकाच उंचीवर, एकाच जागी चेंडू टाकावा आणि तो दोन्ही हातांनी मारावा. येथे वेगाचा विचार करू नये. चेंडू पुढे गाठला का आणि फटक्याअखेर तोल राहिला का, एवढेच पाहावे.

तिसरी पायरी भिंतीची. टेनिसचे जाळे मधोमध तीन फूट उंच असते. तेवढ्या उंचीवर भिंतीवर चुन्याची रेघ ओढावी आणि तिच्या वर एक हाताच्या अंतराने खडूचे दोन चौकोन काढावेत. भिंतीपासून सात-आठ पावलांवर उभे राहून एका टप्प्यावर चेंडू मारावा; नवख्यांनी दोन टप्पे घेतले तरी चालेल. भिंत चेंडू फार लवकर परत करते, म्हणून जुना, दबलेला चेंडू वापरावा. मुलांसाठी मिळणारे लाल, नारिंगी व हिरव्या ठिपक्याचे मंद चेंडू मिळाल्यास उत्तम. एकूण किती मारले हे मोजू नये; रेघेवर सलग किती गेले, ते मोजावे.

चौथी पायरी मिश्र सरावाची. एकच फटका शंभर वेळा मारला की तो बसला असे वाटते. सामन्यात मात्र तो हरवतो. १९७९ साली शिया आणि मॉर्गन या अमेरिकन संशोधकांनी हाताच्या हालचालींवर एक प्रयोग केला. एकाच प्रकारचा सराव करणारे त्या वेळी पुढे दिसले. परंतु दहा दिवसांनी तपासले असता, क्रम बदलून सराव करणाऱ्यांच्या लक्षात अधिक राहिले होते. म्हणून सोबत्याने कधी उजवीकडे, कधी डावीकडे, कधी आखूड, कधी खोल चेंडू द्यावा. चुका वाढतील, त्याने खचू नये.

या फटक्याची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. दोन्ही हात मुठीवर असल्याने पोहोच कमी होते. त्यामुळे प्रतिस्पर्धी चेंडू मारीत असतानाच लहानशी उडी घेऊन पाय मोकळे ठेवावेत आणि एक पाऊल अधिक टाकण्याची सवय लावावी. अगदीच लांबचा चेंडू असल्यास डावा हात सोडून एका हाताने कापता येतो. हे नंतर शिकावे. पण शिकावे जरूर.

दोष ओळखण्याच्या खुणा

चेंडू वारंवार जाळ्यात जात असेल, तर गुडघे वाकत नाहीत आणि रॅकेट चेंडूच्या खाली येत नाही. तो सतत डावीकडे बाहेर जात असेल, तर फटका उशिरा लागतो. खांदे लवकर वळवावेत. तो मागच्या रेषेपलीकडे उडत असेल, तर रॅकेटचे तोंड आभाळाकडे उघडते आहे. फटक्यात जोरच नसेल, तर हात काम करीत आहेत आणि कंबर स्वस्थ आहे. आणि कोपर किंवा मनगट दुखू लागले, तर सराव त्याच दिवशी थांबवावा. रॅकेट वयास व उंचीस साजेशी आहे का, हे आधी तपासावे. मुलांसाठी २१ इंचांपासून २६ इंचांपर्यंत रॅकेटी मिळतात. दुखणे म्हणजे आळस नव्हे, हे आम्ही उशिरा शिकलो.

समारोप

पुढच्या वर्षी त्या विद्यार्थिनीच्या हाती २६ इंची रॅकेट आली आणि तिचे दोन्ही हात पुन्हा मुठीवर आले. पहिल्या दिवशी तिला भिंतीवर सलग चार चेंडू मारता आले. दहावीत असताना तिने सलग साठाचा टप्पा ओलांडला. जिल्हा पातळीवर ती दोन सामने जिंकली आणि तिसरा हरली. मोठी विजेती झाली नाही. परंतु तिसऱ्या सामन्यातील तिचे बहुतेक गुण बॅकहँडवर आले, हे आम्ही कडेला बसून मोजले होते.

शिक्षकाला वाटते की आपण देतो आणि मूल घेते. मुलाच्या शरीराला काही कळत असते, ते आधी पाहावे आणि मग बोलावे, हा धडा आम्हाला तिने दिला. रॅकेट का वळते, असे त्या दिवशी आम्ही तिला विचारले असते, तर एक हंगाम वाचला असता. आज ती या स्मरणिकेच्या वाचकांपैकी एक असेल. तेव्हा तिच्यापाशी कबूल करावयाचे राहून गेले, ते येथे लिहितो : चूक तुझ्या हाताची नव्हती, आमच्या सांगण्याची होती. भिंतीवरची चुन्याची रेघ दर पावसाळ्यानंतर पुन्हा ओढली जाते. माजी विद्यार्थ्यांनी संध्याकाळी केव्हाही यावे. चेंडू टाकायला सोबती नेहमीच कमी पडतात.