केळीच्या डझनामागचा हिशोब



मिस्सा आटोपून घरी जाताना आपल्यापैकी कितीतरी जण हातगाडीवरून डझनभर केळी घेतात. आजाऱ्याला चालणारे, मुलांच्या डब्यात बसणारे आणि गरिबालाही परवडणारे हे फळ. आपल्या शहरात येणारी बरीचशी केळी अजिंठ्याच्या घाटापलीकडून, जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांतून येतात. काही माल नांदेडकडच्या अर्धापूर भागातला असतो. या आठवड्याच्या पाठात त्या डझनाचा दाम कोणाकोणाच्या हाती जातो, हे समजून घेऊ.

केळीचा स्वभाव आधी लक्षात घ्यावा. ज्वारी किंवा तूर पोत्यात भरून ठेवता येते, भाव नसेल तर महिना-दोन महिने थांबता येते. केळीचा घड तयार झाला की थांबायला सवड नसते. तो हिरवा असतानाच कापावा लागतो. उशीर झाला तर झाडावरच पिकू लागतो आणि दूरच्या प्रवासाला निकामी होतो. म्हणून शेतकरी माल बाजारात नेत नाही, व्यापाऱ्याची कापणीची टोळी आणि ट्रक बागेत येतो. ज्या दिवशी ट्रक येईल तो दिवस आणि जो दर ठरेल तो दर, असा हा व्यवहार आहे. रावेर आणि सीमेपलीकडच्या बऱ्हाणपूरचे भाव वर्तमानपत्रात छापून येतात: नव्या लागवडीच्या ‘नवती’ला वेगळा, पिलांवर घेतलेल्या ‘पिलबागे’ला वेगळा, हलक्या प्रतीच्या ‘वापसी’ला त्याहून कमी. पण जाहीर भावापेक्षा कमी दराने माल उचलला जातो, ही त्या भागातली जुनी तक्रार आहे. कापायला आलेला घड बागेत लटकत असताना शेतकरी भांडणार किती?

एक उदाहरण घेऊ. समजा, बागेतला भाव क्विंटलला १,००० रुपये आहे, म्हणजे किलोला १० रुपये. डझनाचे वजन दीड-पावणेदोन किलो धरले तर शेतकऱ्याला डझनामागे १५ ते १७ रुपये मिळाले. आपण गाडीवर ४० किंवा ५० देतो. मधली सगळी रक्कम दलालाच्या खिशात जाते असे मात्र समजू नका. त्यात कापणी, हमाली, ट्रकचे भाडे, पिकवणी केंद्राचा खर्च आणि नासलेला माल येतो. गाडीवाल्याकडे संध्याकाळी उरलेली काळी केळी त्याच्याच नुकसानीत जातात. तोही आपल्यासारखाच पोट भरणारा माणूस आहे.

या हिशोबात सर्वांत खाली मजूर आहे. घड कापून, डोक्यावर वाहून, ट्रक भरणाऱ्यांत सातपुड्यातले पावरा, बारेला असे आदिवासी बांधव पुष्कळ असतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपई भरलेला ट्रक उलटला. मालावर बसून रावेर भागात घरी परतणारे डझनाहून अधिक मजूर त्यात मरण पावले. माल पपईचा होता, पण केळीच्या ट्रकवरचा प्रवासही याहून वेगळा नसतो.

आता जगाकडे पाहू. जगातल्या केळीपैकी सुमारे एक चतुर्थांश केळी भारतात पिकतात, पण ती बहुतेक आपणच खातो. परदेशी व्यापारात पुढे आहेत ते इक्वेडोर, फिलिपाइन्स, कोस्टा रिका, ग्वाटेमाला, कोलंबिया हे देश. हा व्यापार फार काळ मूठभर कंपन्यांच्या हाती होता. कोलंबियात १९२८ साली युनायटेड फ्रूट कंपनीच्या मळ्यांतील संपकरी मजुरांवर सिएनागा येथे लष्कराने गोळीबार केला. मृतांच्या आकड्यावर आजही एकमत नाही.

फेअर ट्रेड, म्हणजे न्याय्य व्यापार, ही चळवळ या पार्श्वभूमीवर समजते. तिच्या मुळाशी एक कॅथलिक धर्मगुरू आहेत. फादर फ्रान्स व्हान डर हॉफ हे मूळचे हॉलंडचे. मेक्सिकोतील ओआहाका प्रांतात ते डोंगरातल्या कॉफी उत्पादकांसोबत राहिले, त्यांच्यासारखीच शेती केली. शेतकऱ्यांनी त्यांच्या साथीने सहकारी संघ उभा केला. देणगी नको, मालाला रास्त भाव द्या, ही त्यांची मागणी होती. त्यातून १९८८ मध्ये हॉलंडात ‘मॅक्स हॅवेलार’ हे चिन्ह कॉफीच्या पाकिटावर आले. १९९६ मध्ये ही पद्धत केळीपर्यंत पोहोचली. पहिला माल घाना देशातून गेला.

पद्धत अशी: भाव पडला तरी ठरलेल्या किमान दराखाली खरेदी करायची नाही. शिवाय १८.१४ किलोच्या प्रत्येक खोक्यामागे १ डॉलर जादा द्यायचा. तो पैसा एकाच्या हाती न जाता शेतकऱ्यांच्या किंवा मजुरांच्या समितीकडे जातो. शाळा, दवाखाना, खत की पाणी, हे सभासदच ठरवतात. २००७ मध्ये ब्रिटनमधील सेन्सबरीज आणि वेटरोज या दुकानांनी आपली सगळी केळी या चिन्हाची केली.

तरी भाबडेपणा नको. प्रमाणपत्राला खर्च येतो, कागदपत्रे ठेवावी लागतात, आणि प्रमाणित शेतकऱ्याचाही सगळा माल या भावाने विकला जातोच असे नाही. डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या बागांत हैतीहून आलेले मजूर राबतात. बागेला चिन्ह मिळाले म्हणून त्यांच्या हाती नागरिकत्वाचे कागद आपोआप येत नाहीत.

आपल्याकडेही गोंधळ होतो. ‘जळगाव केळी’ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि जून २०२१ मध्ये तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन केळी दुबईला गेली. ही आनंदाचीच गोष्ट. पण मानांकन माल कुठला ते सांगते, मजुराला काय मिळाले ते सांगत नाही.

पोप सहावे पौल यांनी १९६७ च्या ‘पोपुलोरुम प्रोग्रेसिओ’ या परिपत्रकात नेमका हाच प्रश्न घेतला आहे. दोन्ही बाजूंनी मान्य केला म्हणून करार न्याय्य ठरत नाही. एक बाजू फारच दुबळी असेल तर तिची संमती ही नाइलाजाची असते. पोप तेराव्या लिओंनी १८९१ मध्ये मजुरीबद्दल जे म्हटले, तेच त्यांनी देशादेशांतील व्यापाराला लावले. हिरव्या घडाशेजारी उभा असलेला रावेरचा शेतकरी आठवला, की हा मुद्दा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

कुटुंबांच्या गटसभेआधी प्रत्येकाने दोन गोष्टी कराव्यात. वर्तमानपत्रातील रावेरचा त्या दिवशीचा भाव टिपून ठेवावा आणि आपण डझनाला किती दिले ते त्याशेजारी लिहावे. आपल्यापैकी जे जाधववाडीच्या बाजारात हमाली करतात किंवा गाडी लावतात, त्यांनी मधल्या खर्चाचे आकडे सभेत सांगावेत. त्यांच्याइतकी माहिती दुसऱ्या कोणाकडे नाही. आणि याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायातील पहिल्या सहा ओवी घरून वाचून याव्यात.